गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्र थरथरते किंवा चित्रण मध्येच थांबते: आधी काय तपासावे, नंतर काय

लक्षणे

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "कॅमेरा खराब निघाला." चित्रण पाहिल्यावर मात्र त्या एका वाक्याआड चार-पाच निरनिराळी दुखणी दडलेली दिसतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्यामुळे आधी लक्षण नीट ओळखणे आवश्यक आहे.

सर्वांत वारंवार दिसणारे लक्षण म्हणजे लाटा. डॅशबोर्डची सरळ कड, काचेच्या बाजूचा खांब, रोल केजची (गाडी उलटली तर माणसांना वाचवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याची) नळी या सर्व गोष्टी वाहत्या पाण्यातून पाहिल्यासारख्या वळवळतात. इंजिन मंद असताना चित्र स्वच्छ असते आणि ठराविक आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) पोहोचले की ते एकदम बिघडते. दुसरे लक्षण याच्या अगदी उलट आहे: बाहेरचा रस्ता स्थिर दिसतो, पण प्रत्येक वळणावर स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड चौकटीत तरंगल्यासारखे एका बाजूला सरकतात आणि वळण संपल्यावर परत येतात. तिसऱ्यात कॅमेरा हळूहळू मान टाकतो, म्हणजे सुरुवातीला रस्ता दिसतो आणि रॅलीचा टप्पा संपेपर्यंत गिअरची दांडी दिसू लागते. चौथ्यात चित्रण आपोआप थांबते किंवा घरी आल्यावर फाइल उघडत नाही. पाचव्यात आतला भाग नीट दिसतो, पण समोरची काच पांढरीफटक होऊन रस्ता नाहीसा होतो.

रॅली, ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत आखलेल्या वळणांवरची वेळेची शर्यत) आणि ट्रॅकवरच्या गाड्यांत कॅमेरे बसवताना हे दोष मी पुनःपुन्हा दुरुस्त केले आहेत. लाटांच्या बाबतीत माझा अनुभव असा, की दोष क्वचितच कॅमेऱ्यात असतो. तो कॅमेरा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधल्या अंतरात असतो. त्या अंतरात जितके सांधे, जितका लांब जोडणीचा हात आणि जितके मऊ प्लॅस्टिक, तितके चित्र बिघडते. म्हणून नवा कॅमेरा घेण्याचा विचार या लेखात सर्वांत शेवटी येतो.

काहीही सोडवण्याआधी जुने चित्रण पाहावे

यासाठी एक रुपयाही लागत नाही. ॲक्शन कॅमेऱ्याचा सेन्सर संपूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ओळीओळीने वाचत जातो. वरची ओळ वाचून झाल्यावर आणि खालची ओळ वाचण्याआधी कॅमेरा जरासा हलला, तर सरळ कड चित्रात वाकडी उमटते, आणि तो अनेकदा हलला तर तिच्या लाटा होतात.

आता इंजिनाचा हिशेब पाहू. होंडा सिटी किंवा मारुती जिप्सीसारख्या गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन ६००० आरपीएमवर असेल, तर ते सेकंदाला १०० फेरे घेते आणि दर फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे गाडीच्या अंगाला सेकंदाला २०० ठोके बसतात. सेन्सरला संपूर्ण चित्र वाचायला समजा सेकंदाचा साठावा भाग लागतो, तर एका चौकटीत तीनहून थोड्या अधिक लाटा दिसतील. ३००० आरपीएमवर त्या निम्म्या होतील. चित्रण एखाद्या चौकटीवर थांबवून उभ्या कडेवरच्या लाटा मोजाव्यात. आरपीएम वाढताना लाटांची संख्या वाढत असेल, तर कंप इंजिनाचा आहे. लाटांना असा क्रम नसेल आणि त्या फक्त खड्ड्यांवर उमटत असतील, तर हादरा रस्त्याचा आहे आणि माउंट, म्हणजे कॅमेरा गाडीला धरून ठेवणारी जोडणी, तो आवरू शकत नाही. नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या मुरमाच्या टप्प्यांवर दुसरा प्रकार अधिक आढळतो. कोइंबतूरचा करी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक अशा गुळगुळीत डांबरावर पहिला.

जुने चित्रण नसेल तर गाडी उघड्यावर उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये ३० सेकंदांची चाचणी घ्यावी: आधी मंद, मग २०००, ३००० आणि ४००० आरपीएमवर काही सेकंद. बंद गॅरेजमध्ये ही चाचणी करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. ही फाइल जपून ठेवावी. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी पुन्हा घेऊन दोन्ही चित्रणे शेजारी ठेवून पाहिली, तरच कोणता उपाय लागू पडला हे खात्रीने सांगता येते. एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर चित्र सुधारले तरी कारण कळत नाही, आणि पुढच्या शर्यतीला ते दुखणे परत उभे राहते.

स्थिरीकरण बंद करावे

कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन हाताच्या थरथरीसाठी बनवलेले आहे. कॅमेऱ्यातला गायरो फिरणे मोजतो, ते अनावश्यक आहे असे समजतो आणि चित्र उलट दिशेला सरकवून ते पुसून टाकतो. कॅमेरा हातात किंवा छातीवर असताना हे उत्तम चालते. गाडीत मात्र कॅमेरा गाडीशी घट्ट जोडलेला असतो, त्यामुळे गाडी वळली की गायरोला तीही हाताची थरथर वाटते. चित्र उलट सरकवले जाते, आणि कॅमेऱ्याबरोबरच वळलेले डॅशबोर्ड व स्टिअरिंग चौकटीत तरंगू लागतात. दुसरे लक्षण हेच आहे आणि मेनूतली एक खूण काढली की ते नाहीसे होते.

स्थिरीकरणासाठी कॅमेरा चित्राच्या कडाही कापतो, त्यामुळे ते बंद केल्यावर कोन रुंद होतो आणि ड्रायव्हरचे हात पुन्हा चौकटीत येतात. क्षितिज सरळ ठेवण्याची सोयही त्याच वेळी बंद करावी, कारण वळणात झुकणारी गाडी झुकलेली दिसणे हेच या चित्रणाचे प्रयोजन आहे. इंजिनाच्या लाटा स्थिरीकरणाने जात नाहीत. उलट, थरथरत्या चित्रावर ते चालू ठेवले तर लाटा आणि तरंगणे दोन्ही एकत्र दिसतात आणि निदान अवघड होते.

सर्व स्क्रू, आणि बोटांनी करायची परीक्षा

इंजिन चालू ठेवून, सहकाऱ्याला आरपीएम ३००० वर धरायला सांगून, एका हाताची दोन बोटे कॅमेऱ्याच्या अंगावर आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे तो ज्या नळीवर किंवा काचेवर बसवला आहे त्यावर टेकवावीत. दोन्हीकडे सारखीच गुणगुण जाणवली, तर माउंट गाडीबरोबर एकजीव आहे. कॅमेऱ्याकडच्या बोटांना मुंग्या आल्यासारखे होत असेल आणि नळीकडच्या बोटांना फारसे जाणवत नसेल, तर मधला एखादा सांधा कंप वाढवतो आहे. मग बोटे एकेका सांध्यावर सरकवत न्यावीत. जिथे गुणगुण एकदम वाढते, दोष तिथे असतो. बोटांना हे इतके स्पष्ट कळते, की मी अजूनही कोणत्याही उपकरणाआधी हीच परीक्षा करतो.

हाताने फिरवायचे प्लॅस्टिकच्या डोक्याचे स्क्रू शर्यतीसाठी पुरेसे आवळले जात नाहीत. त्यांच्या जागी त्याच मापाचा पोलादी बोल्ट, वायसर आणि आतून नायलॉनचे कडे असलेला लॉकनट लावून पान्याने आवळावा. मात्र बोल्ट जिच्यातून जातो ती प्लॅस्टिकची पाकळी पांढुरकी पडू लागली की लगेच थांबावे, कारण ती तडा जाण्याची पूर्वखूण असते. कॅमेरा आणि तो ज्यात बसतो ती प्लॅस्टिकची चौकट यांच्यामध्येही थोडा झोल असतो. चौकटीच्या आतून इन्सुलेशन टेपची एक-दोन घडीची पट्टी लावली की तो भरून निघतो.

कॅमेरा मान टाकत असेल, तर प्रत्येक सांधा आवळल्यावर त्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ दोन्ही भागांवर जाईल अशी ओढावी. टप्पा संपल्यावर रेघ अखंड असेल तर सांधा हललेला नाही. ती तुटून तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर तोच सांधा घसरतो आहे. सर्व्हिस पार्कमधल्या (टप्प्यांमधल्या दुरुस्तीच्या तळावरच्या) घाईत पान्याने प्रत्येक बोल्ट तपासायला वेळ नसतो. रेघेकडे एक नजर टाकायला क्षणभर पुरतो.

हात आखूड करावा

सर्वाधिक गाड्यांतले दुखणे याच टप्प्यावर बरे झालेले मी पाहिले आहे, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

एका टोकाला पकडलेल्या दांड्याचा ताठपणा त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. लांबी दुप्पट केली की ताठपणा निम्मा होत नाही, तर आठपट घटतो. टोकाला तेच वजन असेल, तर दांड्याच्या स्वाभाविक कंपनाचा वेग सुमारे २.८ पट खाली येतो. आखूड हात समजा सेकंदाला २८० वेळा थरथरणारा असेल, तर दुप्पट लांबीचा हात सुमारे १०० वेळा थरथरेल, आणि चार सिलिंडरच्या इंजिनाचे ठोके ३००० आरपीएमवर नेमके सेकंदाला १०० असतात. ठोक्यांची लय आणि दांड्याची लय जुळली की लहानसा कंपही मोठा होतो, जसे झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेले हलके ढकलणे पुरते. ठराविक आरपीएमवरच चित्र का बिघडते, याचे उत्तर यात आहे.

एका ऑटोक्रॉसच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण ड्रायव्हर तीन सांध्यांचा, वीतभर लांबीचा हात लावलेला कॅमेरा घेऊन आला. त्याने दोन कॅमेरे बदलून पाहिले होते आणि तिसऱ्यासाठी पैसे जमवत होता. आम्ही मधले दोन्ही सांधे काढून टाकले, कॅमेरा नळीला पकडणाऱ्या क्लॅम्पला थेट बोल्टने जोडला आणि हव्या असलेल्या कोनासाठी क्लॅम्पच नळीवर फिरवला. उभ्या गाडीतल्या चाचणीत डॅशबोर्डची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ आली. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा वाया गेलेल्या पैशांची हळहळ अधिक होती, आणि हा लेख लिहिण्यामागे ती हळहळ हेही एक कारण आहे.

हात आखूड करणे अशक्य असेल, तर कॅमेऱ्याच्या अंगापासून गाडीच्या दुसऱ्या एखाद्या घट्ट बिंदूपर्यंत दुसरा आधार द्यावा. दोन आधारांचा त्रिकोण झाला की दांडा लोंबकळत नाही. रबराचे गादीसारखे तुकडे मात्र घालू नयेत. रबर कंप गिळते अशी समजूत आहे. कॅमेऱ्यासारख्या हलक्या वस्तूखाली चुकीचे रबर घातले, तर बारीक कंप थोडा कमी होतो आणि त्याच्या जागी खड्ड्यांवर कॅमेरा डोलू लागतो. योग्य रबर निवडण्यासाठी वजन आणि कंपनांचा वेग दोन्ही मोजावे लागतात. ते मोजले नसतील तर घट्ट जोडणीच बरी.

चिकटवलेले आणि चोखून धरणारे माउंट

सक्शन कप गुळगुळीत, निश्छिद्र काचेवरच भरवशाचा असतो. डॅशबोर्डच्या खडबडीत प्लॅस्टिकवर तो दहा मिनिटे टिकतो, कारण खाचांतून हवा आत शिरत राहते. काच आणि कप दोन्ही ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत आणि उन्हात तापलेल्या काचेवर कप लावू नये. मुरमाची बारीक धूळ कपाच्या कडेवर बसली की पकड सुटते. म्हणून कच्च्या रस्त्याच्या रॅलीत मी सक्शन कपाला मुख्य माउंट मानत नाही.

फोमसारख्या दुहेरी चिकटपट्टीबाबत दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे डॅशबोर्ड चमकवण्याचे पॉलिश. त्यातल्या सिलिकोनचा अदृश्य थर कोणत्याही पट्टीला धरू देत नाही, म्हणून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा, दर वेळी फडक्याची नवी घडी वापरून पुसावी. दुसरी चूक घाईची. या पट्ट्यांची पकड दाब दिल्यावर लगेच पूर्ण होत नाही; सामान्य तापमानाला २४ तासांत ती सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि ७२ तासांत पूर्ण होते. शनिवारी सकाळी चिकटवून दुपारी शर्यतीला निघालेला कॅमेरा पायाशी पडला, तर दोष पट्टीचा नसतो. ब्रेकच्या पेडलखाली गेलेला कॅमेरा किती मोठे संकट ठरेल, हे ध्यानात घेऊन माउंट कोणताही असो, प्रत्येक कॅमेऱ्याला सांगाड्याशी बांधलेली पातळ पोलादी तार किंवा मजबूत दोरी असलीच पाहिजे. ती इतकी आखूड असावी, की कॅमेरा सुटला तरी ड्रायव्हरच्या हातापायांपर्यंत पोहोचणार नाही.

रोल केजवर स्थलांतर

गाडीत रोल केज असेल, तर कॅमेऱ्याची योग्य जागा तीच. केज गाडीच्या सांगाड्याच्या मुख्य भागांना जोडलेला असतो आणि डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकच्या तुलनेत कितीतरी ताठ असतो. दोन सीटांच्या मधोमध, खांद्यांच्या किंचित मागे आणि वर, आडव्या नळीच्या जोडाजवळ कॅमेरा लावला की स्टिअरिंग, गिअर आणि रस्ता एकाच चौकटीत येतात. दोन जोडांच्या मधोमध लावू नये, कारण तिथे ती सर्वांत अधिक लवते. जोडाच्या जवळचे बोटभर अंतर मधल्या हातभर अंतरापेक्षा चांगले.

क्लॅम्पचे माप इथे निर्णायक ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बनवलेल्या केजच्या मुख्य कमानीची नळी ४५ किंवा ५० मिमी व्यासाची आणि बाकीच्या नळ्या ३८ किंवा ४० मिमीच्या असतात. सायकलच्या दांड्यासाठी बनवलेले क्लॅम्प साधारण ३५ मिमीपर्यंतच उघडतात. ते ओढूनताणून लावले तर दोनच बिंदूंवर टेकतात आणि तिथेच डुगडुगतात. कॅलिपरने नळी मोजूनच क्लॅम्प घ्यावा. कॅलिपर नसेल तर दोऱ्याने घेर मोजून त्याला ३.१४ ने भागावे. केजवर फोमचे आवरण असेल तर क्लॅम्प त्यावर लावू नये, आणि हेल्मेट जिथे आदळू शकते तिथले आवरण कापून जागाही करू नये. ते आवरण माणसाच्या डोक्यासाठी आहे. नळी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची एक पातळ पट्टी पुरते. ती फक्त घसरण थांबवण्यासाठी असते, म्हणून एकापेक्षा अधिक थर देऊ नयेत.

कॅमेऱ्याचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम असते. अपघातातला धक्का २५ जीचा, म्हणजे गुरुत्वाच्या २५ पट, धरला, तर तेच वजन क्षणभर पावणेचार किलोंसारखे ओढते, आणि लांब हाताच्या टोकाला ते मुळावर आणखी जोर टाकते. माउंट हाताने जोराने हिसडल्यावर जरासुद्धा सरकला, तर तो तयार नाही. हेल्मेटवर कॅमेरा चिकटवण्याचा मोह टाळावा. मानेला झटका बसताना डोक्यावर उंचवटा आणि जादा वजन असणे धोक्याचे आहे, आणि हेल्मेटची प्रमाणित रचनाही त्यामुळे बदलते.

प्रकाश आणि शटर

भर उन्हात कॅमेरा शटरचा वेग आपोआप सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत नेतो. त्यामुळे सेन्सरची प्रत्येक ओळ गोठल्यासारखी उमटते आणि लहानशी लाटही ठळक दिसते. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवले, तर २०० ठोक्यांच्या कंपनाचे दोन पूर्ण हेलकावे एका ओळीच्या टिपण्यात मावतात आणि लाट पुसट होते. त्यासाठी प्रकाश अडवणारी एनडी काच लागते आणि ती विकत घ्यावी लागते. माउंट घट्ट करून झाल्यावरच ती घ्यावी. ती लाट झाकते, कंप थांबवत नाही.

पांढऱ्या काचेच्या तक्रारीला खर्च नाही. कॅमेरा अंधाऱ्या आतल्या भागाकडे पाहून प्रकाश ठरवतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक पायरी खाली आणावे किंवा मोजणीचा बिंदू काचेवर ठेवावा. काचेत डॅशबोर्डचे प्रतिबिंब येत असेल, तर त्यावर काळे मखमली कापड घट्ट चिकटवावे.

चित्रण मध्येच थांबत असेल तर

आधी कार्ड. सेकंदाला १०० मेगाबिटचे चित्रण म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लिहिणे. व्ही३० खूण असलेले कार्ड किमान ३० मेगाबाइटचा सलग वेग देते, म्हणून ते पुरेसे आहे. मात्र नकली कार्डांवरही तीच खूण छापलेली असते, तेव्हा ते खात्रीच्या दुकानातून घ्यावे आणि प्रत्येक शर्यतीआधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. आधीच्या शर्यतीच्या फाइली उतरवून घेतल्या आहेत ना, हे तपासून मगच.

नंतर बॅटरी. चित्रण फक्त मोठ्या हादऱ्यावर थांबत असेल, तर बॅटरी तिच्या खोबणीत क्षणभर उडते आणि संपर्क तुटतो, अशी दाट शक्यता असते. बॅटरीच्या संपर्कबिंदूंच्या विरुद्ध बाजूला टेपची एकच पातळ पट्टी लावली की ती घट्ट बसते. झाकण जोर लावून बंद करावे लागत असेल, तर पट्टी जाड झाली आहे.

त्यानंतर उष्णता. टप्प्याच्या सुरुवातीला रांगेत उभी असलेली, काचा बंद केलेली गाडी उन्हात भट्टीसारखी तापते, आणि चालू ठेवलेला कॅमेरा स्वतःची उष्णता त्यात मिसळतो. रांगेत कॅमेरा बंद ठेवावा, वाय-फाय आणि मागचा पडदा बंद करावा, आणि ४के ऐवजी १०८० मध्ये चित्रण करून पाहावे. कॅमेरा बर्फाच्या पेटीत ठेवू नये. थंड काचेवर दमट हवा लागताच आतून दव धरते आणि पूर्ण टप्पा धुक्यात जातो.

शेवटी गाडीतून घेतलेला वीजपुरवठा. फाइलची अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबवताना शेवटी लिहिली जाते; वीज अचानक गेली की अनुक्रमणिका लिहायची राहते आणि फाइल उघडत नाही. गाडीची सगळी वीज तोडणारा मुख्य कट-ऑफ स्विच ओढला की नेमके हेच होते. त्यामुळे बाहेरून वीज दिली तरी कॅमेऱ्यात चार्ज केलेली बॅटरी असू द्यावी. वायर कॅमेऱ्यापासून बोटभर अंतरावर नळीला केबल टायने बांधावी, म्हणजे हादऱ्याचा ताण पिनेवर येणार नाही. न उघडणारी फाइल असलेले कार्ड फॉरमॅट करू नये. अनेक कॅमेरे ते कार्ड पुन्हा घातल्यावर स्वतःच दुरुस्तीचा प्रयत्न करतात.

कॅमेरा बदलण्याची वेळ

इथपर्यंतचे सर्व करून लाटा राहिल्या, तरच कॅमेरा बदलावा. निवडताना चित्राच्या मेगापिक्सेलपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात: स्थिरीकरण पूर्ण बंद करता येते का, शटर आणि एक्स्पोजर हाताने ठरवता येतात का, तळाशी धातूचा स्क्रू जाईल असे छिद्र आहे का, आणि वायर जोडलेली असताना बॅटरीचे झाकण घट्ट बसते का. नियमितपणे ट्रॅकवर धावणाऱ्यांसाठी भिंग एकीकडे आणि नोंदणीपेटी दुसरीकडे असलेले संच अधिक सोयीचे असतात. एआयएमचा स्मार्टीकॅम किंवा रेसलॉजिकचा व्हीबॉक्स ही त्या प्रकारची उदाहरणे. वेग आणि आरपीएम चित्रावरच उमटवण्याची सोयही त्यांत असते. भिंगाचे डोके लहान आणि हलके असल्यामुळे ते आखूड क्लॅम्पवर घट्ट बसते, आणि पेटी सीटमागे सुरक्षित राहते. किंमत मात्र साध्या ॲक्शन कॅमेऱ्याच्या कितीतरी पट आहे, म्हणून वर्षातून दोन-तीन ऑटोक्रॉस करणाऱ्याला मी ते सुचवत नाही.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

रोल केजला छिद्र पाडायचे किंवा पट्टी वेल्ड करायची असे मनात आले, की तिथेच थांबावे. छिद्राने नळी नेमकी त्या जागी दुबळी होते, वेल्डिंगची उष्णता पोलादाचे गुण बदलते आणि केजचे प्रमाणपत्रही धोक्यात येते. हे काम केज बनवणाऱ्याशी बोलल्याशिवाय कोणीही करू नये.

एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्या झाकणावर, त्याच्या आसपास किंवा ती उघडण्याच्या वाटेत काहीही लावू नये. वीज घेण्यासाठी इंधनपंप, ईसीयू (इंजिनाचा संगणक) किंवा एअरबॅगच्या वायरी कापण्याची वेळ येत असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे. त्याच्याकडून फ्यूज असलेली स्वतंत्र वायर घ्यावी आणि ती कट-ऑफ स्विचने बंद होते हे समोर तपासून घ्यावे. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये किंवा टोचू नये. कॅमेरा हातात धरून हलवल्यावर आतून खुळखुळ ऐकू येत असेल किंवा तो टेबलावर ठेवूनही चित्र थरथरत असेल, तर भिंग किंवा सेन्सर सुटलेला असतो आणि ते दुरुस्ती केंद्राचे काम आहे.

एक प्रकार असा आहे, ज्यात कॅमेरा निर्दोष असतो आणि माउंटही. अनेक शर्यतींत स्वच्छ चित्र देणारी जोडणी एखाद्या दिवशी मंद आरपीएमवरही थरथरू लागते, बोटांच्या परीक्षेत नळी आणि कॅमेरा सारखेच गुणगुणतात, आणि स्टिअरिंगही पूर्वीपेक्षा अधिक थरथरते. अशा एका गाडीत आम्ही दोन तास क्लॅम्प बदलत बसलो; शेवटी मेकॅनिकने बॉनेट उघडून इंजिन पहारीने हलके उचकले, तेव्हा इंजिन माउंटिंगचे रबर चिरून दोन तुकडे झालेले दिसले. तेव्हापासून असे लक्षण दिसले की मी पाना खाली ठेवतो आणि गाडी आधी मेकॅनिककडे पाठवतो.

स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडी-तपासणीच्या वेळी कॅमेरा बसवलेल्या स्थितीतच दाखवावा. नंतर गुपचूप लावू नये. तपासनिसाने माउंटला हात घालून तो हलवला आणि नको म्हटले, तर त्या दिवशी कॅमेरा उतरवून पेटीत ठेवावा आणि कोणता सांधा हलला हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे.